झारी

माझं आडनाव झारी.
मुलाखतीत विचारलं होतं, म्हणजे पाण्याची का?
नाही सर, गटारीची.

गुजरीतली दुकानं उघडायच्या आत
अब्बा उंबऱ्यांसमोरची माती झाडून घ्यायचे,
मोरीचा गाळ घमेल्यात,
घमेलं गोल, गोल, एका कलानं,
हलकं ते वाहू द्यायचं.
तळाशी उरायचं कानशीतून उडालेलं,
सोनाराच्याही हिशेबात नसलेलं.
आठवड्याला गुंजभर. कधी तेवढंही नाही.

आता विद्यापीठाच्या टेकडीवर, दुहेरी दाराच्या खोलीत
माझ्यापुढे नखाएवढी सिलिकॉनची चकती.
आडव्या एकशे अठ्ठावीस, उभ्या एकशे अठ्ठावीस,
इतकी घमेली तिच्यात, सगळी रिकामी.
हिला उपग्रहावर जायचंय.
तिथे क्ष-किरणाचा एकेक कण येईल,
सोळाशे इलेक्ट्रॉन सांडेल आणि विझेल.
सोळाशे म्हणजे किती कमी, ते कसं सांगू?
हिवाळ्यात स्वेटर काढताना जे तडतडतं
त्याच्यापुढे हे काहीच नाही.

उकाड्यात चकती बडबडते,
न आलेल्या पाहुण्यांची वर्दी देते.
तिला गप्प करायला शून्याखाली ऐंशी लागतात.
नायट्रोजन संपला की मुजावर मामा
जनावरांच्या दवाखान्यातून भांडं आणतात, स्कूटरच्या पायाशी धरून.
एकदा झाकणावरची चिठ्ठी तशीच राहिली होती:
मुऱ्हा, रेडा क्रमांक सात.
आम्ही ती काढली नाही.

आणि तपासायला लोखंड.
उद्यमनगरच्या भट्ट्यांत ओततात ते नव्हे,
पंचावन्न अणुभाराचं,
जे पावणेतीन वर्षांत निम्मं मँगनीज होऊन जातं
आणि जाता जाता मोजण्याजोगी ठिणगी देतं.
डबीवरची तारीख जुनी आहे.
ती लिहिली तेव्हा अब्बांच्या हातातला कप
बशीवर वाजत नव्हता.

सोनं धरायला पारा.
मग पारा उडवायचा चुलीवर,
खिडकी लावून, शेजाऱ्यांना वास नको म्हणून.
आम्ही त्याच खोलीत अभ्यास करायचो.

परवा एक्केचाळिसावी ओळ मुकी झाली.
सूक्ष्मदर्शकात पाहिलं, तार सुटलेली,
केसाच्या पावपट जाड, अॅल्युमिनियमची.
नवी जोडायची म्हणजे यंत्राची सुई
एका जागी, एकदाच टेकवायची.
श्वास सोडून झाल्यावर, पुढचा घ्यायच्या आधी
जो रिकामा क्षण असतो ना, त्यात.
हे कुठल्या पुस्तकात नाही.
घमेल्यातलं शेवटचं पाणी ओतताना
अब्बा असेच थांबायचे.

दोनदा चुकले.
तिसऱ्यांदा बसली.

रात्री दीड वाजता पडद्यावर शिखर उभं राहिलं,
पाच पूर्णांक नऊ,
आणि बाजूला धाकटं, साडेसहाला,
मधली दरी स्वच्छ.
मामा खुर्चीत झोपले होते, उठवलं नाही.
घरी फोन लावला. ते जागेच असतात.

किती घावलं?
त्या ओळीत, तासाभरात, चारशे बारा.
वजन?
वजन नाही अब्बा.
बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग जपून ठेव. बिनवजनाचं लगेच उडतंय.
हे तर चाचणीचं आहे, म्हटलं. खरं वरून येणार.
वर सोनार कोण?

मी सांगितलं, कधीचा विझलेला एक तारा,
भोवती त्याचीच राख, अजून तापलेली.

म्हंजे दुकान बंद.
मग माती झाडायचे पैसे कुणाला द्यायचे?

आयुष्यभर त्यांनी दर दिवाळीला
उंबऱ्यागणिक मोजून दिले होते.
मी म्हटलं, तिथे कुणी मागत नाही.

त्यांना ते पटलं नाही, असं वाटलं.
फोन ठेवला.
वहीत लिहिलं: ओळ एक्केचाळीस, चालू.
खाली सही. आडनावासकट.